डोळे, कान, नाक, घसा: वैद्यकीय शब्द शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये नर्सिंग आणि ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या वर्षातली मुलं, दवाखान्याच्या रिसेप्शनवर आणि टीपीए डेस्कवर (विम्याचे कागद जिथे बघतात) बसणाऱ्या ताई, चष्म्याच्या दुकानातले, श्रवणयंत्राच्या सेंटरवरचे असे सगळे माझ्या संध्याकाळच्या बॅचला येतात. तिथे मी डॉक्टरकी शिकवत नाही, शब्द शिकवते. बॅच बदलते, प्रश्न बहुतेक तेच राहतात, म्हणून ते इथे लिहून ठेवले आहेत. जिथे घोटाळा जास्त होतो तिथलं उत्तर लांब आहे.

डोळ्यांचा विभाग वेगळा, नाक-कान-घशाचा वेगळा. मग शब्द एकत्र का शिकायचे?

दवाखान्यात पाट्या दोन असतात, हे खरं. शरीरात मात्र या चौघांच्या मधे भिंती नाहीत, वाटा आहेत. “डोळ्यात ड्रॉप टाकला की घशात कडू लागतं,” ही तक्रार रिसेप्शनवर नेहमी येते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून अश्रूंची नळी नाकात उतरते आणि नाक मागच्या बाजूने घशात उघडतं, म्हणून कडू लागतं. रडताना नाक वाहतं तेही याच नळीमुळे.

कानाचंही तसंच. मुंबईहून येताना कसारा घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात. मधला कान आणि नाकामागचा घसा यांना जोडणारी युस्टेशियन ट्यूब गिळताना उघडते आणि दोन्हीकडची हवा सारखी होते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकातलं पडसं कानापर्यंत लवकर पोचतं. म्हणूनच चार-पाच वर्षांच्या मुलाच्या फाइलवर अडेनॉइड्स आणि ओटायटिस मीडिया हे दोन शब्द शेजारी-शेजारी दिसतात. पहिला शब्द नाकामागच्या घशातल्या गाठींचा, दुसरा मधल्या कानाच्या दाहाचा, आणि आजार एकमेकांत अडकलेले. ही वाट ठाऊक असेल तर ते दोन शब्द एकत्र लक्षात राहतात. नाहीतर यादीत एक पान तीनवर असतो, दुसरा पान नऊवर.

सुरुवात कुठून करू?

नाकापासून. बहुतेक पुस्तकं डोळ्यापासून सुरू होतात आणि मुलं तिथेच दमतात. डोळा एवढासा, पण शब्दांचा पसारा त्याचाच सगळ्यात मोठा. नाकाचे शब्द मोजके आहेत आणि त्यातले बरेच आपण रोज वापरतो: सायनस, ॲलर्जी, पॉलिप (नाकातला मऊ कोंब). नाकातून मागे घशात जा, घशातून नळीने कानात या आणि डोळा शेवटी घ्या.

एवढे लांबलचक शब्द फोडायचे कसे?

शेपटीकडून. शेवटचा तुकडा ‘काय झालंय’ किंवा ‘काय केलंय’ ते सांगतो, आधीचे तुकडे ‘कुठे’ ते सांगतात. बॅचमध्ये मी फळ्यावर मुद्दाम सगळ्यात भीतीदायक शब्द आधी लिहिते: डॅक्रिओसिस्टोरायनोस्टॉमी. मुलं हसतात. मग उभ्या रेघा मारायच्या. डॅक्रिओ म्हणजे अश्रू. सिस्ट म्हणजे पिशवी. रायनो म्हणजे नाक. स्टॉमी म्हणजे नवीन तोंड पाडणं. मधले ‘ओ’ नुसते जोडणारे, त्यांना अर्थ नाही. झालं: अश्रूंच्या पिशवीतून नाकात नवी वाट काढण्याचं ऑपरेशन. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या यादीवर हेच डीसीआर म्हणून येतं. कायम डोळा गळणाऱ्या, कोपऱ्यात पू साठणाऱ्या माणसाला ते सांगितलं जातं. त्या दुखण्याला जुनी माणसं लासरू म्हणतात.

आता शेपटी बदला. ‘आयटिस’ लावला की डॅक्रिओसिस्टायटिस, म्हणजे त्या पिशवीचा दाह. ‘एक्टमी’ लावलं की डॅक्रिओसिस्टेक्टमी, म्हणजे ती पिशवीच काढून टाकणं. एका शब्दाच्या कष्टात तीन शब्द मिळाले.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी घराघरात माहीत झाली. तिचं फाइलवरचं नाव होतं रायनो-ऑर्बिटो-सेरेब्रल म्यूकरमायकोसिस. नाक, डोळ्याची खोबण, मेंदू, आणि शेवटी ‘मायकोसिस’ म्हणजे बुरशीचा आजार. नावातच बुरशी कुठून निघून कुठे पोचते ते क्रमाने लिहिलेलं आहे.

एकाच अवयवाला दोन-दोन नावं का?

एक ग्रीकमधून आलं, एक लॅटिनमधून. नाकाला रायनो आणि नेझल, डोळ्याला ऑफ्थॅल्म आणि ऑक्युलर, कानाला ओटो आणि ऑरल, पापणीला ब्लेफॅरो आणि पॅल्पेब्रल, जिभेला ग्लॉसो आणि लिंग्वल. ढोबळ नियम असा की शरीराच्या भागांची नावं बहुधा लॅटिन असतात, आजार आणि ऑपरेशनं बहुधा ग्रीक. नेझल बोन, पण रायनायटिस. पॅल्पेब्रल कंजंक्टायव्हा (पापणीच्या आतलं आवरण), पण ब्लेफॅरायटिस. हा नियम मोडणारे शब्दही भेटतील.

नाशिककरांना नाकाचं लॅटिन जड जायला नको. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते पंचवटीत, आणि नासिका म्हणून नाशिक, ही गोष्ट इथल्या पोराला तोंडपाठ असते. संस्कृत नासा-नासिका आणि लॅटिन नासुस एकाच मुळाचे आहेत. अक्षि आणि ऑक्युलस यांचंही तसंच. जाता जाता, कापलेलं नाक पुन्हा घडवण्याची रीत सुश्रुताने लिहून ठेवली आहे. पुण्याकडे झालेल्या अशा एका ऑपरेशनचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आला, आणि त्यानंतर युरोपातले सर्जन त्याच्या मागे लागले. कपाळाची कातडी वळवून नाक करायची ही पद्धत तिकडे आजही ‘इंडियन फ्लॅप’ या नावाने ओळखली जाते.

किती शेपट्या पाठ केल्या म्हणजे पुरे?

या चार अवयवांसाठी डझनभर पुरतात. आयटिस म्हणजे दाह, अल्जिया म्हणजे दुखणं, ऱ्हिया म्हणजे वाहणं, एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ओटॉमी म्हणजे छेद, ऑस्टॉमी म्हणजे तोंड ठेवणं, प्लास्टी म्हणजे दुरुस्ती, स्कोपी म्हणजे आत बघणं, मेट्री म्हणजे मोजणं, ओपिया म्हणजे नजर, क्यूसिस म्हणजे ऐकू येणं, टोसिस म्हणजे खाली लोंबणं. म्हातारपणाचा ‘प्रेस्बि’ पुढे जोडला की चाळिशीची प्रेस्बायोपिया आणि वयाने आलेल्या बहिरेपणाची प्रेस्बिक्यूसिस दोन्ही तयार.

पेशंट मराठीत सांगतो. त्याचा कोणता शब्द फाइलवर कसा येतो?

हा माझा लाडका प्रश्न. बहुतेक कोर्सेसमध्ये इंग्रजी शब्द घेऊन त्याचा अर्थ सांगतात. टेबलावर मात्र उलटं घडतं: समोर दिंडोरीहून आलेल्या आजी असतात, त्या त्यांच्या शब्दांत सांगतात, आणि डॉक्टरांच्या कागदावर दुसरंच काही उमटतं. दोन्हीकडून ये-जा करता आली पाहिजे.

नाकाचं बघा. “घोळणा फुटला” म्हणजे एपिस्टॅक्सिस. “नाक चोंदलंय” म्हणजे नेझल ऑब्स्ट्रक्शन. “नाक गळतंय” म्हणजे रायनोरिया. “वासच येत नाही” म्हणजे ॲनॉस्मिया, जो शब्द कोरोनात सगळ्यांनी ऐकला. “नाकात मांस वाढलंय” याचा अर्थ मात्र दर वेळी पॉलिप नसतो. नाकाच्या आतल्या बाजूंना टर्बिनेट नावाच्या गुबगुबीत घड्या असतात, त्या सुजल्या तरी पेशंट हेच म्हणतो. म्हणून रिसेप्शनवर पॉलिप लिहून मोकळं होऊ नका, पेशंटचेच शब्द लिहा.

कानाचं: “कान ठणकतोय” म्हणजे ओटॅल्जिया, “कान वाहतोय” म्हणजे ओटोरिया, “कानात शिट्टी वाजते, गुंई गुंई होतं” म्हणजे टिनिटस. चक्कर या शब्दाशी जपून. डोकं हलकं होऊन भोवळ येणं वेगळं आणि कुशीवर वळताच खोली गरागरा फिरणं वेगळं. दुसऱ्याला व्हर्टिगो म्हणतात आणि त्याचं मूळ बऱ्याचदा आतल्या कानात असतं. आजी दोन्हीला चक्करच म्हणणार. “आजी, तुम्ही फिरता की घर फिरतं?” एवढं विचारलं तरी कागदावर नेमका शब्द येतो.

घशाचं: “आवाज बसलाय” म्हणजे हॉर्सनेस किंवा डिस्फोनिया. “घास अडकतो” म्हणजे डिस्फेजिया. “गिळताना दुखतं” म्हणजे ओडायनोफेजिया. शेवटच्या दोन तक्रारींतला फरक डॉक्टरांना फार महत्त्वाचा असतो, आणि घाईत दोन्हींचं ‘घसा दुखतो’ होऊन जातं. पडजीभ म्हणजे युव्ह्युला, गालगुंड म्हणजे मम्प्स.

डोळ्याचं: “डोळे आलेत” म्हणजे कंजंक्टिव्हायटिस, रांजणवाडी म्हणजे स्टाय किंवा हॉर्डिओलम, तिरळेपणा म्हणजे स्क्विंट किंवा स्ट्रॅबिस्मस, रातांधळेपणा म्हणजे निक्टॅलोपिया. “डोळ्यापुढं माशा उडतात” म्हणजे फ्लोटर्स, “वीज चमकल्यासारखी होते” म्हणजे फ्लॅशेस. “कुसळ गेलं” म्हणजे फॉरेन बॉडी. “डोळ्यात फूल पडलंय” म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, कॉर्निअल ओपॅसिटी. निफाड-दिंडोरीकडून द्राक्षाच्या छाटणीत काडी लागलेले, इगतपुरी-त्र्यंबककडून भाताचं पातं लागलेले पेशंट येतात, तेव्हा केराटायटिस (बुबुळाचा दाह) आणि कॉर्निअल अल्सर (बुबुळावरची जखम) हे शब्द कामाला लागतात. ते फूल बहुतेक वेळा अशा जखमेचा मागे राहिलेला व्रण असतो.

बुबुळ म्हणजे कॉर्निया की आयरिस?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बुबुळ म्हणजे आयरिस, कॉर्निया म्हणजे पारपटल. बोलण्यात मात्र ‘बुबुळाला जखम’ म्हटलं की ती कॉर्नियाची असते, कारण कॉर्निया काचेसारखा पारदर्शक असतो आणि आपल्याला त्याच्यामागचा काळा-तपकिरी भागच दिसतो. तेव्हा पुस्तकात एक अर्थ, पेशंटच्या तोंडी दुसरा, असं धरून चाला. नेत्रदानाच्या फॉर्मवर तर हे समजावूनच सांगावं लागतं. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात लोक विचारतात, “पूर्ण डोळा बसवतात का?” नाही. केराटोप्लास्टीत फक्त कॉर्निया बदलतात.

बाहुलीच्या बाबतीत घोटाळा नाही. प्युपिल हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थही छोटी बाहुलीच होतो. समोरच्याच्या डोळ्यात आपली चिमुकली प्रतिमा दिसते म्हणून दोन्हीकडे तेच सुचलं.

‘स्यूडोफेकिया’ लिहिलंय. नातेवाईक घाबरलेत. काय सांगू?

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आत कृत्रिम भिंग बसवलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. फेक किंवा फॅको म्हणजे भिंग, मूळ ग्रीक अर्थ मसूर, आकारामुळे. स्यूडो म्हणजे खोटं. भिंग काढलं आणि बसवलं नाही तर अफेकिया. पहिलं कृत्रिम भिंग हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवलं. अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची फॅकोइमल्सिफिकेशनची पद्धत चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली आणली. शिबिरांच्या बॅनरवर तिचं नुसतं ‘फॅको’ होतं. आणि हो, मोतीबिंदू आणि काचबिंदू ही भावंडं नव्हेत. पहिल्यात भिंग गढूळ होतं. दुसऱ्यात म्हणजे ग्लॉकोमात डोळ्यामागची नस खराब होते, बहुतेकदा डोळ्यातल्या दाबामुळे, आणि गेलेली नजर परत येत नाही. “काचबिंदू पिकला की ऑपरेशन करू” असं म्हणत घरी थांबलेले लोक अजूनही भेटतात. त्यांना लगेच डॉक्टरांसमोर बसवा.

चिठ्ठीवर ओडी लिहिलंय. उजवा डोळा की दिवसातून एकदा?

दोन्ही असू शकतं, आणि इथेच खरा धोका आहे. ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. कानासाठी एडी, एएस, एयू, तोच क्रम. आता आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, हे मेडिकलवाल्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. ड्रॉपच्या नावापुढे नुसतं ‘ओडी’ दिसलं तर कोणता अर्थ घ्यायचा? त्यात घाईतल्या अक्षरात ‘ओ’चा ‘ए’ दिसला की डोळ्याचा ड्रॉप कानात नाहीतर कानाचा डोळ्यात. डोळ्याचा ड्रॉप कानात गेला तर सहसा निभावतं. उलटं झालं तर डोळा पेटतो, कारण कानाचे ड्रॉप डोळ्यासाठी बनवलेले नसतात. अमेरिकेतली आयएसएमपी ही औषधसुरक्षेची संस्था जे संक्षेप वापरू नका म्हणते, त्यांत ही सहाही अक्षरजोड्या आहेत.

आपल्याकडे डोळ्यांचे डॉक्टर बहुधा आरई, एलई, बीई लिहितात: राइट आय, लेफ्ट आय, बोथ आइज. ते बरं आहे, पण ईएनटीच्या, म्हणजे नाक-कान-घशाच्या कागदावर तेच आरई म्हणजे राइट इअर. फाइल कोणत्या विभागाची आहे ते आधी बघा. ‘ई/डी’चंही तेच, आय ड्रॉप की इअर ड्रॉप ते बाटलीवरूनच कळतं.

डीएनएस तर गमतीशीर. ईएनटीत डीएनएस म्हणजे डेव्हिएटेड नेझल सेप्टम, नाकाचा मधला पडदा वाकडा असणं. वॉर्डात डीएनएस म्हणजे डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाइन, ग्लुकोज-मिठाच्या पाण्याची बाटली. ‘डीएनएस, उद्या सकाळी’ एवढ्या ओळीवरून नवी सिस्टर सलाइन लावायला निघाली तर तिला दोष कसा द्यायचा?

माझा बॅचमधला नियम कडक आहे. पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर संक्षेप नाही. ‘उजव्या डोळ्यात, दिवसातून तीन वेळा’ असं मराठीत लिहायचं. लिहायला थोडा वेळ जातो, जाऊ दे. शंका आली तर अंदाज करायचा नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं.

एकसारखे ऐकू येणारे शब्द कसे ओळखायचे?

यांची स्वतःची वही करा. माझ्या वहीतले काही: ऑप्टिक डोळ्याचं, ओटिक कानाचं. ओरल तोंडाचं, ऑरल कानाचं. हे दोन बोलताना जवळजवळ सारखेच, फक्त संदर्भ वाचवतो. डिस्फेजिया गिळण्याचा, डिस्फेझिया बोलण्याचा. फॅको भिंग, फॅगो खाणं. टोसिस म्हणजे पापणी लोंबणं, हिमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं. मॅलिअस कानातलं हाड, मॅलिओलस घोट्याचं. केराटायटिस कॉर्नियाचा, केराटोसिस कातडीचा. सॅल्पिंक्स म्हणजे तुतारी, त्यामुळे सॅल्पिंजायटिस स्त्रीरोगाच्या फाइलवर असेल तर गर्भनलिकेचा, ईएनटीत असेल तर युस्टेशियन ट्यूबचा. व्हेस्टिब्यूल तर नाकात, कानात, तोंडात आणि स्वरयंत्रातही आहे.

ट्रेकिऑटॉमी आणि ट्रेकिऑस्टॉमी यांत पहिला म्हणजे श्वासनलिकेला छेद, दुसरा म्हणजे तिथे तोंड ठेवणं. व्यवहारात सगळे दुसराच वापरतात.

चष्म्याच्या कागदावरचं काय काय कळायला हवं?

स्फेरिकल, सिलिंड्रिकल, ॲक्सिस, आणि चाळिशी असेल तर ॲड, म्हणजे जवळचं वाचायला लागणारा जादा नंबर. वजा नंबर म्हणजे मायोपिया, लांबचं धूसर. अधिक म्हणजे हायपरमेट्रोपिया, जवळचं धूसर. सिलिंड्रिकलच्या रकान्यात आकडा असेल तर ॲस्टिग्मॅटिझम, आणि तो कोणत्या अंशात ते ॲक्सिस सांगतो. ६/६ म्हणजे सामान्य नजरेला जी ओळ सहा मीटरवरून दिसते ती याला सहा मीटरवरूनच दिसली. ६/६० म्हणजे जी साठ मीटरवरून दिसायला हवी तीच फक्त दिसली. तक्ता १८६२ सालचा, नेदरलँड्सच्या हर्मान स्नेलेन यांचा. तक्त्यावरचं काहीच दिसलं नाही तर सीएफ म्हणजे बोटं मोजता येतात, एचएम म्हणजे हात हललेला कळतो, पीएल म्हणजे उजेड कळतो. ‘नो पीएल’ हे दोन शब्द मोठ्याने, सगळ्यांसमोर वाचू नयेत.

ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, वाचता येईल का मला?

वाचता येईल, निदान करायचं नाही. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा कान. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये, साधारण २५० ते ८०००. उभ्या रेषेवर डेसिबल, आणि ते वरून खाली वाढतात, म्हणून रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. कंडक्टिव्ह म्हणजे आवाज आत पोचवण्यात अडथळा: मळ, पडद्याला भोक, कानातल्या हाडांचा बिघाड. सेन्सरीन्यूरल म्हणजे आतला कान किंवा नस. दोन्ही मिळून मिक्स्ड. हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी ती तीन हाडं, मॅलिअस, इन्कस, स्टेपीस. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड.

आपल्याकडचं खास उदाहरण नाशिक ढोलाचं. पथकातली पोरं मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजते म्हणत येतात, अंबड-सातपूरच्या प्रेस शॉपमधले कामगारही. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यासारखी खाली जाते आणि पुढे पुन्हा वर येते. त्याला नॉच म्हणतात. पथकातल्या पोरांनो, कानात प्लग घाला, ताल चुकत नाही.

स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन?

कॉलेजच्या परीक्षेत आणि इथल्या फाइलवर ब्रिटिश, अमेरिकन क्लायंटचं ट्रान्सक्रिप्शन किंवा कोडिंग असेल तर अमेरिकन. एका कागदावर दोन्ही नकोत. उच्चारात सगळ्यात जास्त मार खातो तो ऑफ्थॅल्मॉलॉजी. लोक ‘ऑप्थॅल’ म्हणतात आणि मग लिहितानाही मधला एक ‘एच’ गळतो. ऑफ आणि थॅल असं तोडून म्हणा, स्पेलिंग आपोआप बरोबर येतं. टोसिसच्या आधीचा ‘पी’ लिहायचा, म्हणायचा नाही.

मेडिकल कोडिंगसाठी एवढं पुरेल का?

शब्द हा पाया, पुरेसा नाही. कोडिंग म्हणजे फाइलवरच्या आजाराला ठरलेला कोड देणं, आणि आयसीडी-१० ही त्या कोडची यादी. त्यात डोळा एच ०० ते एच ५९, कान एच ६० ते एच ९५, नाक-घशाचे बरेचसे आजार ‘जे’ या अक्षरात. एपिस्टॅक्सिस मात्र आर ०४.० मध्ये सापडतो, कारण तो आजार नव्हे, लक्षण धरला जातो. अमेरिकन आवृत्तीत बाजूही कोडमध्ये येते: वयामुळे होणारा न्यूक्लियर (भिंगाच्या गाभ्यातला) मोतीबिंदू उजव्या डोळ्यात असेल तर एच २५.११, डाव्यात एच २५.१२, दोन्हीत एच २५.१३. फाइलवर बाजू लिहिलेली नसेल तर कोडर अडतो. वरच्या ओडी-ओएसच्या उत्तरावर इतका वेळ घालवला तो यासाठीही.

मी मराठी माध्यमातून शिकलेय. जमेल ना?

जमेल. दहावीपर्यंत तुम्ही दृष्टिपटल, स्वरयंत्र, श्वासनलिका हे सगळं शिकला आहात, म्हणजे अवयव माहीत आहे, फक्त त्याचं दुसरं नाव शिकायचंय. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही डॅक्रिओ काय ते कुठे माहीत असतं? ते ग्रीक आहे, सगळ्यांना सारखंच परकं. उलट घोळणा, कुसळ, दडा हे शब्द तुम्हाला न शिकवता येतात, आणि टेबलावर तेच आधी लागतात.

पाठ राहत नाही. काय करू?

यादी वाचणं बंद करा. कोऱ्या कागदावर डोकं बाजूने कापल्यासारखं चित्र काढा, कसंही येऊ दे, आणि नाकपुडीपासून बोट फिरवत एकेका थांब्याचं नाव मोठ्याने म्हणा. व्हेस्टिब्यूल (नाकाचं दार), सेप्टम, टर्बिनेट, नेझोफॅरिंक्स (नाकामागचा घसा), तिथून वर युस्टेशियन ट्यूब, खाली ऑरोफॅरिंक्स (तोंडामागचा घसा), एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण), लॅरिंक्स (स्वरयंत्र), ट्रेकिया (श्वासनलिका). चुकलात की पुन्हा नाकपुडीपासून. मग जोडीदाराला पेशंट करा. तो मराठीत तक्रार सांगेल, तुम्ही फाइलचा शब्द सांगा, आणि लगेच उलटं. मोबाईलवरची कार्डं चालतात, पण हाताने लिहिलेली जास्त टिकतात, असं मला तरी दिसतं.

कोणता शब्द कानावर पडला तर नंबर लावायला न सांगता लगेच आत पाठवायचं?

डोळ्यात चुना गेला. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलं दाबतात आणि ती डोळ्यात फुटते. आधी स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवायला घ्या, कागदपत्रं नंतर. ॲसिड किंवा फवारणीचं औषध गेलं तरी तेच.

अचानक दिसेनासं झालं, किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला. डोळा लाल, प्रचंड ठणका आणि उलट्या. एका रात्रीत एका कानाने ऐकू येईनासं झालं; हे लोक मळ समजून आठवडा घालवतात, तसं होऊ देऊ नका. मुलाने नाकात किंवा कानात घड्याळाचा छोटा सेल घातला. शेंगदाण्याची गोष्ट वेगळी, सेल काही तासांत आतलं मांस जाळतो. श्वास घेताना घर्रघर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, म्हणजे स्ट्रायडॉर. लाळही गिळता येत नाही. घोळणा चिमटीत धरूनही थांबत नाही.

आणि घोळणा फुटल्यावर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकून, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून, तोंडाने श्वास घेत बसायचं. रक्त बहुतेक वेळा पडद्याच्या पुढच्या भागातल्या लिटल्स एरियामधून येतं, तो भाग त्या चिमटीत सापडतो.

नाशिकमध्ये यातलं पुढचं शिक्षण मिळतं का?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, स्थापना १९९८ ची. बीएस्सी नर्सिंग, ऑप्टोमेट्री, ऑडिओलॉजी आणि स्पीच यांच्या पदव्या त्याच्या अखत्यारीत येतात. मात्र प्रत्येक कोर्स नाशिकच्याच कॉलेजात असेल असं नाही, संलग्न कॉलेजांची यादी बघून घ्या. ‘शब्द शिका, शंभर टक्के नोकरी’ असं म्हणणाऱ्या जाहिरातीत पैसे भरण्याआधी तिथून निघालेल्या मुलांना गाठून विचारा. नुसत्या शब्दांवर नोकरी मिळत नाही. आहे त्या नोकरीत मात्र वर सरकता येतं.

सरावाला जुने केसपेपर मिळतील का?

नाव, नंबर, पत्ता, फोटो, सगळं काढून टाकलेले, आणि दवाखान्याने लेखी परवानगी दिलेले असतील तरच. ड्युटीवर असताना फाइलचा फोटो काढून ग्रुपवर “याचा अर्थ काय” म्हणून टाकू नका, नाव झाकलं असलं तरी. शब्द वहीत उतरवून घ्या आणि बॅचला घेऊन या.